विशेषणांची सोयरीक

बडोद्याच्या उत्तरेला समा ही वस्ती आहे. सावलीकडे जाणारा रस्ता इथूनच पुढे जातो. या वस्तीतल्या मराठी घरातलं मूल दिवसभरात तीन भाषांतून घाबरतं. घरात ते म्हणतं, ‘मला कुत्र्याची भीती वाटते.’ खाली खेळायला गेलं की म्हणतं, ‘हुं कूतराथी डरुं छुं.’ आणि शाळेत बाईंनी विचारलं तर, ‘आय ॲम अफ्रेड ऑफ डॉग्ज.’ कुत्रा तोच आणि भीतीही तीच. पण कुत्र्याला चिकटलेला छोटा तुकडा तिन्ही ठिकाणी निराळा आहे: ‘ची’, ‘थी’ आणि ‘ऑफ’. या प्रकरणात आपण त्या तुकड्याकडे आणि त्याला बोलावून घेणाऱ्या विशेषणाकडे पाहणार आहोत.

विशेषण म्हणजे नामाबद्दल अधिक माहिती सांगणारा शब्द, ही व्याख्या आपण सगळ्यांनी घोकलेली असते. ‘रेड फ्लॉवर’, ‘बिग हाउस’ यांना ती पुरते. पण ‘फाँड’, ‘अवेअर’, ‘कॅपेबल’ ही विशेषणं घेतली की ती अपुरी पडते. कोणी नुसतंच ‘ही इज फाँड’ म्हटलं, तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो. कशाचा शौकीन? कशाची जाणीव? कशाला समर्थ? अशी विशेषणं एकटी नांदत नाहीत, प्रत्येकाची सोयरीक कुठल्या ना कुठल्या शब्दयोगी अव्ययाशी किंवा क्रियापदाशी ठरलेली असते. ती तशीच का, याचं उत्तर वर्गात बहुधा एकच मिळतं, ‘याला नियम नाही, पाठ करा.’ हे उत्तर मला पटत नाही. पाठांतर लागतं हे खरं, पण मराठी माणूस इथे रिकाम्या हाताने येत नाही. आपली भाषा हेच काम प्रत्ययांनी करते, आणि आपलं मराठी नीट ऐकलं तर अर्धी वाट आधीच चालून झालेली असते.

हा विचार करायला बडोद्याइतकं योग्य गाव नाही. मे 1875 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळराव बडोद्याच्या गादीवर दत्तक आला आणि सयाजीराव झाला. तोवर त्याचं शिक्षण जवळजवळ झालेलंच नव्हतं. त्याच वर्षाच्या अखेरीस एफ. ए. एच. एलियट हे त्याचे शिक्षक नेमले गेले, आणि मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषांचा अभ्यास एकदमच सुरू झाला. डिसेंबर 1881 मध्ये राज्यकारभार हाती आला, तेव्हा त्या मुलाला इंग्रजीतून राज्य चालवता येत होतं. पुढे 1893 मध्ये याच गावात उलट दिशेचा प्रवासी आला. अरविंद घोष सातव्या वर्षापासून इंग्लंडमध्ये वाढले होते. ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, बडोदा कॉलेजात आधी फ्रेंच आणि मग इंग्रजी शिकवू लागले आणि इथे राहून मराठी-गुजराती शिकले. एकाला इंग्रजी उशिरा, रीतसर शिकून मिळालं, दुसऱ्याला ते लहानपणी कानावाटे आलं. कानावाटे आलेल्याला ‘अफ्रेड’पुढे ‘ऑफ’ का, हा प्रश्न पडत नाही. शिकून घेणाऱ्याला तो पडतोच, आणि त्याला उत्तर मिळालं पाहिजे.

सयाजीरावांच्याच प्रेरणेने 1931 मध्ये ‘सयाजीशासन शब्दकल्पतरु’ हा कोश निघाला. कारभारातल्या इंग्रजी संज्ञांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द देणारं हे केवढं मोठं काम! मला त्याबद्दल मनापासून आदर आहे. मात्र शब्दाला शब्द मिळाला म्हणजे वाक्य मिळतंच असं नाही, आणि कारभारात हे फार जाणवतं. ‘लायबल फॉर अ डेट’ म्हणजे कर्जाला जबाबदार, पण ‘लायबल टू अ फाइन’ म्हणजे दंडाला पात्र. विशेषण एकच आहे, पण पुढचं अव्यय बदललं की माणसाची कायद्यातली जागाच बदलते.

आता भीतीकडे परत येऊ. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी संस्कृतचा व्याकरणकार पाणिनी याने सांगून ठेवलं की भिण्याच्या आणि रक्षणाच्या अर्थाच्या धातूंबरोबर, ज्याच्यामुळे भय वाटतं ते अपादान समजावं, म्हणजे तिथे पंचमी येते. पंचमी ही दूर जाण्याची, सुटण्याची विभक्ती. गुजरातीतला ‘थी’ तेच सांगतो. आणि इंग्रजीतला ‘ऑफ’? ‘चा-ची-चे’वाला ‘ऑफ’ आणि ‘दूर, बाजूला’ या अर्थाचा दोन एफवाला ‘ऑफ’ हे मुळात एकच शब्द होते. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘पासून’ असाच होता, स्पेलिंगं नंतर वेगळी झाली. मराठीत आपण दोन्ही सारखेच लिहितो, त्यात नकळत इतिहास जपला जातो. म्हणजे ‘अफ्रेड ऑफ’मध्ये एके काळी भयापासून मागे सरकण्याचीच कल्पना असावी. ‘फ्री ऑफ’, ‘शॉर्ट ऑफ’, ‘इंडिपेंडंट ऑफ’ यांत ती अजून जिवंत आहे.

पाणिनी नुसता क्रियापदांवर थांबला नाही, याचं मला विशेष कौतुक वाटतं. अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात त्याने विशेषणांचीही व्यवस्था लावली आहे. ‘साधु’ आणि ‘निपुण’ यांच्याबरोबर सप्तमी, ‘उत्सुक’ असेल तर तृतीया किंवा सप्तमी, ‘तुल्य’ अर्थाच्या शब्दांबरोबर तृतीया किंवा षष्ठी, ‘अन्य’ आणि ‘इतर’ यांच्याबरोबर पंचमी. ‘डिफरंट’पुढे ‘फ्रॉम’ का, याचं कारण हेच: वेगळेपणात अंतर असतं आणि अंतर पंचमीचं. मराठीत आपण ‘त्याहून वेगळा’ म्हणतो, तो ‘हून’ पंचमीचाच. पण बोलताना ‘त्याच्यापेक्षा वेगळा’ जास्त येतं, आणि ‘पेक्षा’ म्हटलं की मनात ‘दॅन’ उभा राहतो. अमेरिकेत ‘डिफरंट दॅन’ चालतं, ब्रिटनमध्ये बोलताना ‘डिफरंट टू’ही ऐकू येतं. ‘फ्रॉम’ मात्र सगळीकडे चालतं, म्हणून शिकणाऱ्याने तोच धरावा.

आता मराठी षष्ठीचा, म्हणजे ‘चा-ची-चे’चा, उपयोग पाहा. कुत्र्याची भीती, मुलाचा अभिमान, चुकीची लाज, गाण्याची आवड, धोक्याची जाणीव, यशाची खात्री, कामाचा कंटाळा. या सगळ्यांना इंग्रजीत विशेषणं आहेत आणि सगळ्यांपुढे ‘ऑफ’ आहे: अफ्रेड, प्राउड, अशेम्ड, फाँड, अवेअर, शुअर, टायर्ड. मराठीत भावना हे नाम असतं आणि ती माणसाला येते किंवा वाटते. इंग्रजीत माणूसच त्या भावनेचा होतो. घडण अशी उलटी असली तरी भावनेचा विषय दोन्हीकडे षष्ठीतच बसतो. इतकी मोठी रांग एका प्रत्ययाने हाती येते, हे कुठल्याच वर्गात का सांगत नाहीत?

अर्थात ही वाट काही अंतरावर सुटते, आणि कुठे सुटते ते माहीत हवं. ‘मला त्याचा राग आला’ यात षष्ठी आहे, पण ‘अँग्री ऑफ’ नसतं. माणसावरचा राग ‘अँग्री विथ’ किंवा ‘अँग्री ॲट’, गोष्टीचा राग ‘अँग्री अबाउट’. मुलाची काळजी म्हणजे ‘वरीड अबाउट’. निकालाचं आश्चर्य म्हणजे ‘सरप्राइज्ड ॲट’ किंवा ‘बाय’. ‘कंटाळा’ही सावधपणे वापरावा लागतो. मराठीत कामाने माणूस थकतो आणि कामाला कंटाळतो, दोन क्रियापदं आणि दोन प्रत्यय. गुजरातीत क्रियापदं वेगळी, पण दोन्हीकडे ‘थी’च: कामथी थाकी गयो, कामथी कंटाळी गयो. इंग्रजीत विशेषण एकच, ‘टायर्ड’, आणि सगळा भार अव्ययावर पडतो. ‘टायर्ड फ्रॉम वर्क’ म्हणजे अंग दुखतंय, ‘टायर्ड ऑफ वर्क’ म्हणजे मन उडालंय. नोकरीच्या मुलाखतीत हे दोन एकमेकांच्या जागी गेले तर काय होईल, ते सांगायला नको.

गणिताचीही अशीच गोष्ट आहे. मराठीत ‘गणितात हुशार’, गुजरातीत ‘गणितमां होशियार’. दोन्ही भाषा सप्तमी देतात, म्हणून समातलं मूल दुहेरी खात्रीने ‘गुड इन मॅथ्स’ म्हणतं. रूढ इंग्रजीत कौशल्याला ‘ॲट’ लागतो: गुड ॲट, बॅड ॲट, क्विक ॲट. ‘इन’मध्ये आत असणं आहे, ‘ॲट’मध्ये नेम धरणं आहे, आणि कौशल्याकडे इंग्रजी नेमाच्या बाजूने पाहतं. पण तेच कौशल्य भाषेचं असेल तर ‘फ्लुएंट इन मराठी’, आवड असेल तर ‘इंटरेस्टेड इन’. इथे आपली सप्तमी बिनचूक चालते.

सगळ्यात जास्त चुका ‘शी’ या प्रत्ययाने होतात. शाळेत ‘शी’ म्हणजे ‘विथ’ असं मनात पक्कं बसतं, आणि मग ‘शी इज मॅरिड विथ अ डॉक्टर’ होतं. गुजरातीतलं ‘नी साथे लग्न’ त्याला आणखी बळ देतं. पण आपले ‘शी’ नीट मोजून पाहा: पक्षाशी एकनिष्ठ, माझ्याशी उद्धट, त्यांच्याशी संबंधित, याच्याशी मिळतंजुळतं. इंग्रजीत या चारही ठिकाणी ‘टू’ आहे: लॉयल टू, रूड टू, रिलेटेड टू, सिमिलर टू. ‘मॅरिड’ आणि ‘एंगेज्ड’ याच घरातले, कारण बांधलं जाणं, जोडलं जाणं हे ‘टू’चं क्षेत्र आहे. मग ‘विथ’ कुठे? लॅटिनमधून आलेल्या अनेक विशेषणांच्या आरंभी ‘कॉम’ किंवा ‘कॉन’ हा उपसर्ग असतो, त्याचा अर्थ ‘सह’. त्यांच्यापुढे ‘विथ’ यायची शक्यता मोठी: ‘कॉम्पॅटिबल विथ’, ‘कन्सिस्टंट विथ’. आपल्या ‘सुसंगत’मधला ‘सं’ नेमका तेच करतो. तसाच ‘ॲब’ म्हणजे दूर, म्हणून ‘ॲब्सेंट’पुढे ‘फ्रॉम’.

लॅटिनची आणखी एक देणगी रोज ऑफिसात भेटते. ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’, ‘इन्फीरियर’ ही मुळात लॅटिनमधली तुलनादर्शक रूपं. इंग्रजीत आल्यावर त्यांनी ‘दॅन’ घेतला नाही, ‘टू’ घेतला. व्याकरणाच्या पुस्तकात हा अपवाद म्हणून चौकटीत छापलेला असतो. पण मराठी ऑफिसात कोणीही ‘ते माझ्यापेक्षा सीनियर’ म्हणण्याआधी ‘ते मला सीनियर आहेत’ असंच म्हणतं. मराठी बोलणाऱ्याने तो ‘टू’ कधीच ‘ला’ करून वापरात आणलेला आहे. इंग्रजी बोलताना फक्त ते आठवायचं: ‘सीनियर टू मी’.

इथवर विशेषण आणि अव्यय यांची जोडी पाहिली. विशेषणापुढे क्रियापद आलं की मराठीची मदत आणखी वाढते, आणि या विषयातला हा मला सर्वांत आवडणारा भाग आहे. ‘अफ्रेड टू जंप’ आणि ‘अफ्रेड ऑफ फॉलिंग’ यांतला फरक समजावायला इंग्रजी पुस्तकं बराच मजकूर खर्च करतात. मराठीत तो दोन ओळींत दिसतो. ‘तो उडी मारायला घाबरतो’ आणि ‘त्याला पडायची भीती वाटते’. उडी मारणं त्याच्या हातात आहे, तो ती टाळतोय, म्हणून ‘मारायला’. पडणं त्याच्या हातात नाही, ते घडेल की काय ही धास्ती आहे, म्हणून ‘पडायची’. जिथे ‘-यला’ तिथे ‘टू’ आणि क्रियापदाचं साधं रूप. जिथे ‘-यची’ तिथे ‘ऑफ’ आणि ‘इंग’वालं रूप. शौक असेल तर ‘पोहायची आवड’, म्हणून ‘फाँड ऑफ स्विमिंग’. तयारी असेल तर ‘जायला तयार’, म्हणून ‘रेडी टू गो’. ‘जिंकायची खात्री’ म्हणजे ‘शुअर ऑफ विनिंग’, तिथे खात्री खेळाडूला आहे. ‘शुअर टू विन’ म्हणजे ‘तो जिंकणारच’, तिथे खात्री बोलणाऱ्याला आहे.

‘यूज्ड टू’ इथे फसवतो. ‘मला पहाटे उठायची सवय आहे’ यातली ‘-यची’ ऐकली की ‘इंग’ हवं हे कळतं, आणि ते बरोबरच आहे: ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’. इथला ‘टू’ क्रियापदाचा नाही, ‘मॅरिड टू’मधला आहे. ‘ॲम’ गाळून ‘आय यूज्ड टू गेट अप’ म्हटलं की अर्थ होतो ‘पूर्वी उठायचो’. आताची सवय आणि सुटलेली सवय यांच्यात एवढंच अंतर आहे.

‘टू’वालं क्रियापद मराठीत आणखी एका रूपाने येतं. ‘ईगर टू मीट यू’ म्हणजे ‘तुम्हाला भेटायला उत्सुक’. ‘ग्लॅड टू मीट यू’ म्हणजे ‘तुम्हाला भेटून आनंद झाला’. इंग्रजीला दोन्हीकडे एकच ‘टू’ पुरतो. मराठी मात्र भेट व्हायची आहे की झाली आहे हे पाहते आणि त्याप्रमाणे ‘-यला’ किंवा ‘-ऊन’ लावते. गुजरातीही ‘मळीने आनंद थयो’ म्हणते. म्हणून ‘-ऊन’ने जोडलेला आनंद, दुःख, आश्चर्य इंग्रजीत नेताना बिनधास्त ‘टू’ लावावा. ‘हॅपी बाय मीटिंग यू’ अशी ओढाताण करायची गरज नाही.

आता एक कोडं. ‘पुस्तक वाचायला सोपं आहे’ आणि ‘मुलगी वाचायला उत्सुक आहे’. दोन्ही वाक्यांचा साचा हुबेहूब सारखा. पण मुलगी वाचते, पुस्तक वाचत नाही, ते वाचलं जातं. इंग्रजीतली ‘ईझी टू प्लीज’ आणि ‘ईगर टू प्लीज’ ही जोडी 1960च्या दशकात नोम चॉम्स्की यांनी चर्चेत आणली. वरून सारखी दिसणारी वाक्यं आतून वेगळी असतात, हे दाखवायला भाषाशास्त्राचे विद्यार्थी आजही ती वापरतात. मराठीतही तोच साचा आणि तोच आतला फरक आहे. म्हणूनच ‘ईझी टू रीड’ मराठी मुलाला पटकन साधतं. गुजरातीभाषक मित्राच्या मनात आधी ‘वांचवामां सहेलुं’, म्हणजे सप्तमी येते, आणि तो कधी ‘ईझी इन रीडिंग’कडे वळतो. ‘खायला गोड’, ‘चालायला अवघड’, ‘पचायला जड’ म्हणणाऱ्याला ही रचना नव्याने शिकवावी लागत नाही.

विशेषणाच्या अलीकडे येणारं क्रियापदही ठरलेलं असतं. ‘होणे’ला ‘बिकम’ शिकवून शाळा मोकळी होते, पण बोलण्यात ‘बिकम’ कमीच येतं. दूध ‘गोज बॅड’, डोक्याला टक्कल पडतं ते ‘गोज बाल्ड’, बेत फसतो तो ‘गोज राँग’. ‘गो’ बहुतेक वेळा बिघाडाकडे जातो. रंग आणि हवा यांच्यासाठी ‘टर्न’, हळूहळू होणाऱ्या बदलासाठी ‘ग्रो’, आणि बोलताना जवळपास कुठेही ‘गेट’: टायर्ड, वेट, लेट. स्वप्न मात्र ‘कम्स ट्रू’. आपल्याकडेही नुसतं ‘होणे’ कुठे चालतं? माणूस आजारी पडतो, रंग फिका पडतो, चहा गार पडतो, पैसे कमी पडतात, साक्षीदार उघडा पडतो. मराठीचं ‘पडणे’ इंग्रजीच्या ‘गो’सारखं उताराला लागलेलं आहे, आणि ‘फॉल इल’, ‘फॉल शॉर्ट’मध्ये दोन्ही भाषा एकाच शब्दावर भेटतात. अंदाज खरा ठरतो, म्हणजे ‘प्रूव्ह्ज राइट’. आंबा आंबट निघतो, म्हणजे ‘टर्न्स आउट सावर’. तोच आंबा गोड लागला तर ‘टेस्ट्स स्वीट’. ‘स्वीटली’ नाही, कारण गोडी आंब्याची आहे, चाखण्याच्या क्रियेची नाही. ‘सुंदर दिसते’चं ‘लुक्स ब्यूटिफुल’ होतं, तेही याच कारणाने.

या जोड्या शिकणाऱ्यापर्यंत नीट पोचवण्याचं काम आशियात राहून शिकवणाऱ्यांनी केलं, हे लक्षात घेण्यासारखं आहे. हॅरल्ड पामर आणि ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. इंग्रजांना जे सहज येतं ते जपानी विद्यार्थ्याला शब्दागणिक दाखवावं लागतं, हे त्यांना तिथे उमगलं. हॉर्नबींचा कोश 1942 मध्ये टोकियोत छापला गेला, आणि तोच पुढे ऑक्सफर्डचा प्रसिद्ध विद्यार्थी-कोश झाला. शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांतही असतो, हा विचार मांडणारे जे. आर. फर्थ काही वर्षं लाहोरला शिकवत होते. अशा विद्यार्थी-कोशात विशेषण उघडलं की त्यापुढचं अव्यय किंवा ‘टू’ ठळक अक्षरात दिलेलं असतं. आपण मात्र तिकडे न बघता मराठी अर्थ शोधून कोश मिटतो.

म्हणून वहीत ‘सॉरी म्हणजे दिलगीर’ असं लिहू नये. तीन ओळी लिहाव्यात. ‘सॉरी फॉर हिम’: त्याच्यासाठी वाईट वाटतं. ‘सॉरी अबाउट द डिले’: उशीर झाला त्याबद्दल माफ करा. ‘सॉरी टू हिअर इट’: ऐकून वाईट वाटलं.